बखर आहेच, आता कागद बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. परवा फोर्टातून चर्चगेटला चालत येताना तुझ्या संगणक-इतिहासाच्या पुस्तकाबद्दल तू म्हणालीस, "सर, ओपन सोर्सवर एक प्रकरण दिलं की पुरेल ना?" तेवढ्यात तुझी गाडी लागली आणि बोलणं राहिलं.

नाही पुरणार. ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड (प्रोग्रामचा लिहिलेला मूळ मजकूर) सगळ्यांना उघडा असतो असे प्रोग्राम, हा तुझ्या पुस्तकाचा विषय आहे, पण त्याआधी ते तुझं पुराव्याच्या कागदांचं दफ्तर आहे. बखरी हाताशी असताना राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या कागदांचे रुमाल का सोडत बसले? बखर मागाहून, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. कागद त्या दिवसाचा असतो. संगणकाच्या इतिहासात आपल्याकडे बखरीच फार. संस्थापकांच्या आठवणी, कंपन्यांच्या स्मरणिका. आणि कोड कुलपात.

तरुणपणी एका ऑफिसात आम्ही दोघांनी मराठी पगारपत्रकाचा प्रोग्राम लिहिला होता. ऑफिस बंद झालं, छापील कोडचे गठ्ठे रद्दीत गेले, फ्लॉप्या भंगारात. जोडाक्षरं पडद्यावर कशी बसवली होती, ते आज मी एक सांगतो आणि माझा सहकारी दुसरंच. कोणाचं खरं, ते ठरवायला कागद नाही. हे मला अजून लागतं.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरनी मोकळ्या प्रोग्रामांचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तो वापरणाऱ्याच्या हक्कासाठी: प्रोग्राम वाचता यावा, बदलता यावा, वाटता यावा. इतिहासकाराचं भलं त्यातून आपोआप झालं. वाटायची मोकळीक असली की प्रती वाढतात, आणि प्रती वाढल्या की एखाददुसरी तरी वाचते.

एखाद्या ओपन सोर्स प्रोग्रामची मराठी भाषांतराची फाइल उघड. वरच शेवटच्या भाषांतरकाराचं नाव असतं. खाली इंग्रजी ओळ, तिच्याखाली मराठी. कुठे 'फझी' अशी खूण दिसली की समजायचं, हे भाषांतर अजून कुणीतरी तपासायचं आहे. मग गिटमधला, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममधला, त्या फाइलचा इतिहास काढ. प्रत्येक बदलापुढे नाव, तारीख, वेळ, आणि शेवटी +०५३० असेल तर घड्याळ बहुधा भारतातलं. 'संचिका' की 'फाइल', हा शब्द कोणी कधी बदलला आणि रात्री किती वाजता बदलला, तेही दिसतं. मराठी संगणकात कशी शिरली, याचा याहून जवळचा पुरावा मला ठाऊक नाही.

पण कागदही तपासूनच घ्यायचा. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या ओपन सोर्स प्रणालीची सुरुवात १९९१ ची, पण ती सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांच्या गिटमधला त्याचा इतिहास एप्रिल २००५ पासूनच लागतो. पहिल्याच नोंदीत त्यांनी लिहून ठेवलंय की पूर्ण इतिहास हाताशी आहे, तरी तो इथे आणायच्या भानगडीत मी पडत नाही. ही नोंद मी कितीदा वाचली असेन! म्हणजे आधीची १४ वर्षं जुन्या आवृत्त्यांतून आणि पत्रव्यवहारातून जुळवायची. शिवाय लोक बदल जाहीर करण्याआधी गिटमध्ये ते आवरून, नीटनेटके करून घेतात. चुकलेल्या वाटा त्यातच पुसल्या जातात. घड्याळही चुकीचं लावलेलं असू शकतं.

आणि मुंबईतला केवढा तरी इतिहास या दफ्तराच्या बाहेरच आहे. टीआयएफआर या कुलाब्याच्या संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक हा संगणक गिटमध्ये सापडायचा नाही. जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्यासाठी 'इंडिक्स'चं काम झालं. एखादा पर्याय का सोडून दिला, हे कोड सांगत नाही. ते काम केलेली माणसं गाठ. जाताना कोड वाचून जा, म्हणजे ती ठरावीक किस्से सांगून तुला वाटेला लावणार नाहीत.

आधी एकच काम कर. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द घे. एक गुरूला, दुसरा स्वयंपाक्याला. हा 'ऱ्य' पडद्यावर नीट उमटण्यासाठी वेगळी सोय लागते. पडद्यावर अक्षरजुळणी करणाऱ्या हार्फबझ या प्रोग्रामचा कोड उघडा आहे. ती सोय त्यात शोध, आणि तिथल्या ओळी कधी, कोणी, काय कारण देऊन बदलल्या ते छापून घे. रविवारी दादरला घरी ये. पेन्सिल घेऊन बसू.

तुझा,
सर