ठाण्याहून जानेवारीत अलिबाग ते रत्नागिरी सायकलने: 21 गिअरची हायब्रिड पुरेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्यात रोज 20 किलोमीटर सायकल चालवता, जानेवारीत सहा दिवसांची सुट्टी आहे, किनाऱ्याने अलिबाग ते रत्नागिरी जायचंय, सायकल 3×7 गिअरची (पुढे तीन, मागे सात चकत्या) हायब्रिड. ती पुरेल का, आणि रोज किती किलोमीटर धरायचे?

सायकल पुरेल. किलोमीटर मात्र धरू नका, चढ मोजा.

नकाशात हा रस्ता समुद्राला चिकटून जाताना दिसतो, म्हणून लोक सपाट समजतात. खरं तर तो खाडी, सडा (वरचं खडकाळ पठार), खाडी, सडा असा चालतो. प्रत्येक खाडीला रस्ता समुद्रपातळीला येतो आणि पलीकडे जांभ्याच्या सड्यावर शंभर-दीडशे मीटर चढतो. घाट म्हणावा इतका लांब चढ क्वचितच, पण जे आहेत ते उभे. 60 किलोमीटरच्या दिवसात असे पाच-सहा चढ आले की दम लागतो तो अंतराने नव्हे. एक दृश्य रोज दिसेल: वाडीतून जोरात उतार, खाली साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), साकवावर वळण आणि वळणापलीकडे थेट भिंत. उतारावर पुढची मोठी चकती लावलेली असते, चढ अंगावर आल्यावर घाईघाईने गिअर खाली ओढला जातो आणि नेमकी तेव्हाच चेन पडते, कारण पेडलवर पूर्ण जोर असताना चेन बाजूला सरकत नाही. म्हणून साकव दिसला की वळणाआधीच पुढची लहान चकती लावा आणि पाय हलके फिरवत राहा.

आता गिअरचं गणित. तुमच्या पुढच्या सर्वांत लहान चकतीचे आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात मोजा. पुढे 28 आणि मागे 28 असतील तर पेडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी, म्हणजे साधारण 2.1 मीटर. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. सामानासकट चढायला हा वेग अगदी योग्य. पण लहान चकती 38 ची आणि मागे 28 असेल, तर त्याच वेगाला मिनिटाला 45 च्या आसपास फेऱ्या पडतात आणि प्रत्येक फेरीचा भार गुडघ्यावर येतो. तसं असेल तर मागचा फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) 14-34 दातांचा बसवून घ्या. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) 34 दात पेलतो का आणि चेनची लांबी पुरते का, हे मेकॅनिककडून आधी तपासून घ्या, नाहीतर मोठ्या चकतीवर चेन ताणली जाऊन डिरेलरच तुटतो. हे काम निघायच्या आदल्या दिवशी करू नका. नवी चेन आणि नवा फ्रीव्हील यांना दोन-तीनदा ट्यूनिंग लागतं.

चाचणी सोपी आहे. कॅरिअरला सगळं सामान लावून येऊरचा चढ एकाच सकाळी तीनदा चढा. तिसऱ्यांदा न उतरता पोचलात, तर रत्नागिरीलाही पोचाल. सामान आठ किलोच्या आत ठेवा आणि पाठीवर काही नको. पाठीवरची सॅक घामाने कंबर धरते आणि उभं राहून पेडल मारताना सायकल हेलकावते. मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या बांधताना टाच पिशवीला लागत नाही ना, ते आधी पाहून घ्या.

दिवसांची वाटणी माझ्या मते अशी. पहिला दिवस भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) मांडवा (सायकलचं वेगळं तिकीट), तिथून अलिबाग, रेवदंडा, काशिद, मुरूड, साधारण 70 किलोमीटर. हाच त्यातला सोपा दिवस, म्हणून मोठा. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी, मग दिवेआगर आणि श्रीवर्धन. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेशवी, केळशी, आंजर्ले, मुक्काम हर्णैला. पाचव्या दिवशी गुहागरहून हेदवी, तवसाळ, फेरीने जयगड, आणि मालगुंडवरून गणपतीपुळे. सहाव्या दिवशी फक्त आरे-वारेमार्गे रत्नागिरी, अर्ध्या दिवसाचं काम. त्यातही दोन चढ पोटऱ्या बोलायला लावतात.

चौथा दिवस मुद्दाम मागे ठेवला, कारण तोच खरा. हर्णै समुद्राला, दापोली सुमारे 250 मीटर उंचीवर. म्हणजे न्याहारी पोटात असतानाच चढ. मग दाभोळपर्यंत मिळवलेली उंची घालवायची, फेरीने धोपाव्याला जायचं आणि जेट्टीवरून सायकल ढकलत बाहेर आलात की लगेच पुन्हा चढ. बोटीत बसून पाय थंड झालेले असतात, तेव्हा चढाच्या पायथ्याशी पाच मिनिटं तरी पाय मोकळे करा. या दिवशी सूर्योदयालाच निघा. जानेवारीत तो सव्वासातच्या सुमारास होतो आणि संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाला अंधार पडायला लागतो, तेव्हा हातात अकरा तास आहेत. फेरी चुकली की पाऊण-एक तास जातो. एखादा जुना दिवाळी अंक पिशवीत असू द्या. पुस्तकापेक्षा पातळ आणि पाण्याने भिजला तरी जीव तुटत नाही.

थंडीबद्दल गैरसमज नको. किनाऱ्यावर गारठा नऊपर्यंत, नंतर कपडे काढत जाल आणि दुपारी तीसच्या वर पारा. त्यामुळे जॅकेट नको, वारा अडवणारी पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे बस. दुपारी बहुधा वायव्येकडून वारा सुटतो. उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याला तो उजव्या खांद्यामागून ढकलतो, म्हणून हीच दिशा ठेवा. पाणी तासाला पाऊण लिटर धरा. नुसतं पाणी पिऊन पोटऱ्यांत गोळे येतात. टपरीवर कोकम सरबत मीठ घालून मागा. दुपारचं जेवण मात्र सकाळीच फोन करून सांगावं लागतं. लहान गावातली खाणावळ आयत्या वेळी दोघांचं जेवण देईल, सहा जणांचं नाही. गणपतीपुळ्याच्या वाटेवर आंब्याला मोहोर आलेला असेल. सकाळच्या दवात त्याचा वास वाहनात बसून कधी कळत नाही. अलिबागच्या बाजूला शेतावर पोपटी लागलेली दिसली आणि कोणी बोलावलं तर नाही म्हणू नका. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भरून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. मुक्कामाच्या आधीच पोट भरतं, एवढाच धोका.

टायर 35 ते 40 मिलिमीटरचे असावेत. 75 किलोचा माणूस आणि सामान धरून मागे 60-65 पीएसआय, पुढे पाच-दहा कमी. वाटेतला पंक्चरवाला मोटारसायकलचा व्हॉल्व्ह ओळखतो. तुमची ट्यूब बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची असेल तर पितळी अॅडॉप्टर जवळ ठेवा, पाचशे ग्रॅमच्या पंपापेक्षा तोच उपयोगी पडतो. बाकी दोन ट्यूब, पॅच, लिव्हर, चेन जोडायची सुटी कडी आणि चेन तोडायचं अवजार, गिअरची आणि ब्रेकची एकेक वायर, ब्रेक पॅडचा जोड. पॅड का, तर जांभ्याची लाल धूळ दवात ओली होऊन रिमवर सँडपेपरसारखी घासते. उतारावर ब्रेक धरून बसू नका. जोरात लावा, सोडा, पुन्हा लावा. सतत घासलं तर रिम तापून ट्यूब फुटते.

पुळणीवर सायकल चालवायचा मोह होईलच. चालवलीत तर संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, चेन कापडाने कोरडी करा आणि चेनचंच तेल प्रत्येक दुव्यावर एक थेंब. घरमालकीण खोबरेल तेल देईल, ते नको. 24 अंशांच्या खाली ते गोठतं आणि सकाळी चेन मेणासारखी चिकटलेली सापडते.

परतीला रत्नागिरीहून कोकण रेल्वे. सायकल पार्सल म्हणून जाते, तुमच्याच गाडीत येईल याची खात्री नाही, म्हणून दोन तास आधी जा, ओळखपत्र जवळ ठेवा. ठाण्यापर्यंत बुक करू नका, तिथे गाडी थोडाच वेळ थांबते. गाडी जिथे संपते तिथपर्यंत करा. पॅकिंगसाठी हँडल आडवं फिरवा आणि पेडल काढा. 15 चा पाना लागतो, आणि डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, तो उजवीकडे फिरवून सुटतो. हे ठाऊक नसलं की जोर लावून आणखी आवळला जातो आणि स्टेशनवर पान्याचा शोध सुरू होतो.