वाचकांचे प्रश्न : होडीवरचे इपॉक्सी चिकट का राहते?

प्रश्न : प्लायवूडच्या छोट्या होडीच्या सांध्यांवर मी इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळल्यावर टणक होणाऱ्या चिकट मिश्रणाने) फायबरग्लासचे कापड बसवले. हवा थंड होती म्हणून हार्डनर थोडा जास्त घातला. चार दिवस झाले तरी थर काही ठिकाणी टणक, तर काही ठिकाणी चिकट आहे. आता काय करावे, आणि पुढच्या वेळी कोणते रेझिन घ्यावे?

उत्तर : हार्डनर वाढवल्याने इपॉक्सी लवकर वाळत नाही. हा समज बहुधा पॉलिएस्टर रेझिनच्या कामातून येतो. तिथे हार्डनर केवळ क्रिया सुरू करून देत असल्याने त्याचे प्रमाण हवेनुसार थोडे कमी-जास्त करता येते. इपॉक्सीत मात्र रेझिन आणि हार्डनर ठरावीक प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात, आणि जास्तीचा हार्डनर तसाच उरून थर कमकुवत करतो. थंड हवेसाठी जलद हार्डनर वेगळा मिळतो, तो घ्यावा. डब्यावरचे 5:1 किंवा 2:1 हे प्रमाण मापाचे आहे की वजनाचे, हेही नीट वाचावे, कारण दोन्ही द्रवांची घनता वेगळी असल्यामुळे मापाचे आकडे वजनकाट्यावर चालत नाहीत.

एकाच थरात टणक आणि चिकट असे दोन्ही भाग दिसतात, त्याअर्थी ढवळणेही अपुरे झाले असावे. सपाट टोकाच्या काडीने, कपाच्या कडा आणि विशेषतः तळाचा कोपरा खरवडत, निदान दोन मिनिटे ढवळावे. मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळावे, म्हणजे पहिल्या कपाला चिकटलेला कच्चा भाग मागेच राहतो. मिश्रण घट्ट करण्यासाठी सिलिकाची पूड किंवा लाकडाचा भुसा घालायचा असेल तर तो यानंतरच. तयार मिश्रण कपात साठवून ठेवू नये. ते स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसू लागते. उथळ ट्रेमध्ये पसरले की कामाला जास्त वेळ मिळतो.

आता चिकट भागाकडे वळू. आधी तो पाण्याने आणि घासणीने धुऊन पाहा. मेणचट पापुद्रा निघून खाली नख न रुतणारा थर लागला, तर तो दमट, थंड हवेत पृष्ठभागावर येणारा अमाइनचा, म्हणजे हार्डनरमधल्या रसायनाचा, साका असतो, आणि धुणे एवढाच त्यावर उपाय आहे. नख रुतले तर मात्र थर कच्चा आहे. त्यावर नवा हात देऊ नका. कापडासह तो खरवडून काढा, अ‍ॅसिटोनने पुसा, घासा आणि मगच पुन्हा काम करा. नायट्राइलचे हातमोजे हवेतच, कारण कच्च्या इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

रेझिन लॅमिनेशनसाठीचे, म्हणजे कापडाचे थर बसवण्यासाठीचे, पातळ आणि कापडात सहज मुरणारे घ्यावे. टेबल किंवा शोभेच्या वस्तू ओतण्यासाठीचे रेझिन होडीला वापरू नये. घट्ट वाटल्यास थिनर न घालता रेझिन थोडे कोमट करावे. फायबरग्लासही विणलेलेच घ्यावे, कारण बऱ्याच चटईवजा मॅटमधले तंतू धरून ठेवणारे बंधक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते, इपॉक्सीत नाही, आणि मॅट सांध्याच्या वळणावर बसत नाही. काम पूर्ण झाल्यावर रंग किंवा अतिनील किरण रोखणारे व्हार्निश अवश्य लावावे. उघडे इपॉक्सी उन्हात पिवळे पडून झिजते.