भागाकार येतो, पण उदाहरण सुटत नाही

"मॅडम, हिला भागाकार येतो. तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने भागते, ताळाही करून बघते. पण शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडते. हिला डिसकॅल्क्युलिया तर नसेल ना?"

पाचवीतल्या मुलीला घेऊन आलेल्या आईचा हा प्रश्न. डिसकॅल्क्युलिया म्हणजे संख्या आणि आकडेमोड समजण्यात सतत येणारी, शिकण्यातली अडचण. सहामाहीचे पेपर घरी आले की असे पालक माझ्याकडे येतातच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. पेपरात एका उदाहरणावर लाल फुली होती: 3 किलो चिवड्याच्या 250 ग्रॅमच्या किती पुड्या होतील? तिने 250 ला 3 ने भागलं होतं. भागाकार 83, बाकी 1. आकडेमोडीत एकही चूक नव्हती.

"हे 83 म्हणजे काय गं? पुड्या?" मी विचारलं.

"असतील," ती हळूच म्हणाली. "मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं असतं ना?"

हे वाक्य मी कितीतरी मुलांकडून ऐकलं आहे. मूल उदाहरण वाचत नाही, त्यातले आकडे तेवढे उचलतं. क्लासमध्ये तिला आणखी एक युक्ती शिकवली होती: 'एकूण' दिसलं की बेरीज, 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. अशा युक्त्यांनी मुलांचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. 'प्रत्येकी 250 ग्रॅमच्या 12 पुड्या केल्या, तर चिवडा किती होता?' इथे 'प्रत्येकी' आहे, पण करायचा आहे गुणाकार.

आधी आईची भीती बघणं गरजेचं होतं. मुलीला मी लहान-मोठ्या संख्या ओळखायला, उलटं मोजायला, घड्याळ सांगायला, 50 रुपयांतून 32 रुपये घेऊन सुटे परत द्यायला सांगितलं. सगळं तिला सहज जमलं. यातच ती सतत अडत असती, तर मी रीतसर तपासणी सुचवली असती. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती सोय आहे. हिच्या बाबतीत मला तशी शंका आली नाही.

बोलता बोलता कळलं की आई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. मी तिलाच विचारलं, "तीन किलो चिवडा पाव-पाव किलोच्या पिशव्यांत भरायचा, तर पिशव्या किती लागतील?"

"बारा. किलोत चार पाव, तीन चोक बारा."

मुलगी आईकडे बघतच राहिली. "पेपरात हेच होतं?"

पुढच्या भेटीला मी त्यांना घरचा डिजिटल काटा आणि किलोभर पोहे आणायला सांगितलं. पोहे काट्यावर ठेवले, तर आकडा आला 1000. "एक नाही आला!" ती म्हणाली. किलोचे ग्रॅम का करून घ्यायचे, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. मग दोन कामं दिली. पहिलं, हे पोहे 4 डब्यांत सारखे भर. दुसरं, याच पोह्यांच्या 200 ग्रॅमच्या पुड्या कर. दोन्ही वेळा हात लावण्याआधी एकच प्रश्न: उत्तर ग्रॅममध्ये येणार की नगांत? पहिल्यात डबे ठरलेले, वजन शोधायचं, म्हणून 250 ग्रॅम. दुसऱ्यात वजन ठरलेलं, पुड्या मोजायच्या, म्हणून 5. कागदावर दोन्ही भागाकारच, पण एकात वाटणी आहे आणि दुसऱ्यात 200-200 काढत जाणं आहे. हा फरक तिच्या हातांना आधी कळला. घरी जाण्यापूर्वी तिने पेपरातलं उदाहरण स्वतःहून काढलं आणि लिहिलं: 3000 ÷ 250 = 12 पुड्या. 'पुड्या' हा शब्द तिने पहिल्यांदाच लिहिला होता.

आईला मी दोन आठवडे जादा गणितं बंद ठेवायला सांगितली. उदाहरण वाचून झालं की आकडे न घेता ते गोष्टीसारखं सांगायचं, मगच पेन्सिल उचलायची.

तिसऱ्या भेटीत मी भागाकारात उरणाऱ्या बाकीचा विषय काढला. 130 किलो कांदा, एका गोणीत 50 किलो मावतो, तर किती गोण्या लागतील? तिने भागलं. भाग 2, बाकी 30. पूर्वीची ती इथेच थांबली असती. या वेळी तिने बराच वेळ त्या 30 कडे पाहिलं आणि म्हणाली, "हे 30 किलो कांदे आहेत, ते टाकून कसे देणार? तीन गोण्या लागतील. तिसरी भरणार नाही, एवढंच."

आईने काही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवला.