हेगचं मत आलं, भरपाईचं काय?

प्रश्न : जुलै २०२५मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलावर निकाल दिला. मग व्हानुआतूसारख्या बेटांना भरपाई कधी मिळणार? भारतावरही दावा होईल का?

उत्तर : तो निकाल नव्हे, सल्लागार मत आहे. व्हानुआतूच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ मार्च २०२३ रोजी प्रश्न पाठवला, २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने उत्तर दिलं. यात वादी-प्रतिवादीच नसल्याने पैसे भरण्याचा आदेश निघत नाही. तरी या मताला कमी लेखू नका. उत्सर्जनाला आळा घालण्याचं कर्तव्य रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही, म्हणजे देशांच्या प्रथेतून बनलेल्या आणि करारात नसलेल्यांनाही लागू होणाऱ्या नियमांतूनही, येतं, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे पॅरिस करार सोडणारा देशही त्यातून सुटत नाही.

भरपाईसाठी मात्र स्वतंत्र दावा हवा, आणि त्याला प्रतिवादी देशाची संमती लागते. खरी अडचण इथेच आहे. चीनने न्यायालयाचं सक्तीचं अधिकारक्षेत्र, म्हणजे दावा झाल्यास तो चालवायला आधीच दिलेली संमती, मानलेलं नाही. अमेरिकेने आधी ते मानलं होतं, पण ती मान्यता १९८६मध्ये संपली. भारताने मानलंय, पण २०१९च्या घोषणापत्रात राष्ट्रकुलातल्या देशांबरोबरचे वाद वगळलेत. व्हानुआतू आणि तुवालू ही बेटं, दोघंही राष्ट्रकुलात आहेत! म्हणजे या वाटेने त्यांना भारतावर दावा करता येत नाही.

अधिकारक्षेत्र मिळालं, तरी बेकायदा कृती आणि नुकसान यांतला पुरेसा थेट व निश्चित संबंध सिद्ध करावा लागतो. त्यानंतर प्रश्न रकमेचा. याच न्यायालयातलं उदाहरण घ्या. निकाराग्वाने कोस्टा रिकाच्या पाणथळ जमिनीत कालवे खोदले, झाडं तोडली. दोषी कोण, हे ठरलेलं होतं. तरी पर्यावरणीय सेवांच्या (निसर्गाकडून मिळणाऱ्या फायद्यांच्या) हानीपोटी कोस्टा रिकाने सुमारे २८.८ लाख डॉलर मागितले आणि २०१८मध्ये मिळाले १ लाख २० हजार. जगभरातल्या देशांच्या धुराचा हिशेब याहून कितीतरी कठीण.

प्रश्न : कोकणात किनाऱ्यालगतची माझी जमीन समुद्र खातोय. मी हेगला जाऊ शकतो का?

उत्तर : नाही, तिथे फक्त देश पक्षकार होतात. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये मान्य केलाय; त्याच्या आधारे उच्च न्यायालयात रिट करता येते. धूप एखाद्या बंधाऱ्यामुळे किंवा वाळूउपशामुळे वाढली असेल, तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण आहे. भरपाईच्या अर्जाची मुदत पाच वर्षं, पण काम थांबवण्यासारख्या वादाला सहाच महिने. अर्जात नुसतं ‘हवामान बदल’ लिहून भागत नाही. कोणत्या कामाने किनारी नियमन क्षेत्राचा कोणता नियम मोडला, ते लिहा. सातबारा आणि वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं जोडा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आत्ताच करून घ्या, कारण हद्दीच्या खुणा पाण्यात गेल्यावर किती जमीन गेली हे दाखवणं अवघड होतं.