यंदा करंज्या नाहीत

लाडक्या चिऊ,

सोमवारी शाळेतून येताना तू गाडीत विचारलंस, "आबा म्हणाले, आजी गेली म्हणून या नाताळला करंज्या नाहीत, चांदणी नाही. मग देव तरी येणार का?" बर्फ पडत होता, मी रस्त्याकडे बघत राहिले. खरं सांगते, उत्तर सुचलंच नाही.

करंज्यांचं सोपं आहे. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सणाचं गोडधोड घरी तळत नाहीत. हे बायबलमधलं नाही. अमेरिकन मिशनरी १८३१ साली नगरला आले, त्याच्या कितीतरी आधीची ही रीत. (आता कागदावर अहिल्यानगर, पण आबांच्या तोंडी नगरच.) प्रभू नवा आला, कढईची चाल जुनीच राहिली. ना. वा. टिळकांची भजनं आपण चर्चमध्ये टाळ घेऊन म्हणतो, तसंच हेही.

पण रीत इथे संपत नाही. घरी तळायचं नाही, आणि घर सणाविना ठेवायचंही नाही. ते शेजाऱ्यांनी बघायचं.

भिंतीवरच्या फोटोतला माझा दादा १९८८च्या नोव्हेंबरात काविळीने गेला. मी नऊ वर्षांची होते. चोवीस डिसेंबरला संध्याकाळी शेजारच्या काकू स्टीलचा डबा घेऊन आल्या. तुझ्या आजीच्या करंज्या मुरडीच्या असायच्या, या कातण्याने कापलेल्या. बघताक्षणी कळलं, आपल्या नाहीत. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूर. त्या काही बोलल्या नाहीत, आजीशेजारी खाली बसल्या. आजीने एक करंजी मोडली, अर्धी मला दिली आणि अर्धी नुसती धरून बसली. सारण पदरावर सांडत होतं, तिला पत्ताच नव्हता.

रात्री आबांनी मत्तयाचा पहिला अध्याय वाचला. इम्मानुएल, म्हणजे 'आम्हांबरोबर देव'. मी मध्येच विचारलं, "म्हणजे काकूंबरोबर नाही?" तुला इंग्रजीत हा प्रश्न पडणार नाही, तिथे एकाच शब्दावर भागतं. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की तो आत. आबा थांबले. चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "आपल्याबरोबर देव. तू तसंच वाच."

मला त्या रात्री देव दिसला वगैरे नाही. दादाची गादी कोपऱ्यात गुंडाळलेली होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. आजी त्या नाताळच्या उपासनेत एकही गीत गायली नाही, आणि मंडळीत कुणी तिला गा म्हटलं नाही. देव होता का, असं विचारलंस तर मी त्या डब्याकडे बोट दाखवेन. दुसरं माझ्याकडे काही नाही.

त्या डब्याचीही एक गंमत. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, आणि आमच्याकडे तर वर्षभर गोड होणार नव्हतं! तो वर्षभर फळीवर बसून राहिला. काकूंनी एकदाही मागितला नाही. पुढच्या नाताळला भरून गेला.

काकूही आता नाहीत. त्यांच्या सूनबाई आबांकडे रोज डोकावून जातात.

चांदणीचं मी आबांना परत विचारलं. म्हणाले, "इथे नको. पण तिकडे पोरीला लावू दे, टोरांटोत पावणेपाचलाच अंधार पडतो म्हणतेस ना." तेव्हा शनिवारी माळ्यावरून खोकं काढू. एक टोक फाटलंय, चिकटपट्टी लागेल.

आणि पंचवीस तारखेला फोन लावशील तेव्हा आबांना एक विचार. सूनबाईंच्या करंज्या मुरडीच्या, की सासूसारख्या कातण्याच्या?

तुझी,
आई