गाव महापालिकेत गेलं तर घरच्या धंद्याचं काय होतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पाचगावच्या. कोल्हापूरच्या हद्दवाढीत गाव जाणार अशी चर्चा आहे. घरातून तुम्ही डबे आणि ऑर्डरचं फराळाचं करता, पुढच्या खोलीत मिस्टरांची पिठाची गिरणी आहे. कर किती वाढेल, लायसन सगळी नव्याने काढावी लागतील का आणि गिरणी बंद पाडतील का, हे तुम्ही विचारलंय.

कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली आणि तेव्हापासून हद्द तसूभर वाढलेली नाही. त्यामुळे तिकडे स्वानुभवाने सांगणारं कुणी नाही, नुसत्या अफवा. पुण्यात मात्र आम्ही यातून पुन्हा पुन्हा गेलोय. १९९७ साली ३८ गावं घेतली (त्यातली काही पुढे वगळली), ऑक्टोबर २०१७ ला ११, जून २०२१ ला आणखी २३. मी धायरीचा, म्हणजे २०१७ च्या तुकडीतला. शेजारचं नऱ्हे २०२१ ला आलं. या दोन गावांतल्या दुकानदारांची आणि वर्कशॉपवाल्यांची कागदपत्रं करण्यावर माझं घर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लायसनची भीती आधी काढून टाका. तुमची बहुतेक कागदं ग्रामपंचायतीची नाहीतच. डब्यांची एफएसएसएआय नोंदणी अन्न व औषध प्रशासनाकडे, शॉप अ‍ॅक्ट कामगार खात्याकडे, व्यवसाय कर राज्याच्या जीएसटी खात्याकडे, उद्यम नोंदणी केंद्राची. गाव कुठल्याही हद्दीत गेलं तरी ही चालू राहतात, फार तर पत्ता दुरुस्त करावा लागतो. जुने व्यापारी अजून जकातीचं विचारतात. ती कधीच गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही जीएसटी आल्यावर संपला. हद्दवाढीची निम्मी भीती त्या जकात नाक्यांच्या काळातली आहे, असं माझं मत.

खरा बदल होतो तुमच्या घराच्या नोंदीत. आज पंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, तुमचं घर ‘राहतं घर’ म्हणून असेल आणि गिरणीचा उल्लेखही नसेल. पंचायतीत सगळे ओळखीचे, कुणी विचारत नाही. गाव आत आलं की दफ्तर महापालिकेकडे जातं आणि मग मिळकतींची पाहणी होते. आमच्याकडे पेठ निरीक्षक (महापालिकेच्या मिळकतकर खात्याचा माणूस) येतो, टेप लावतो आणि तीन गोष्टी लिहितो: क्षेत्रफळ किती, वापर निवासी की बिगरनिवासी, बांधकाम परवानगीचं की विनापरवाना. पुढची वीस वर्षं तुमचं बिल या तीन नोंदींवर चालतं. धंदा सोयीचा राहतो की डोईजड होतो, ते बरंचसं त्या एका दिवशी ठरतं.

म्हणून पाहणीच्या दिवशी घरातलं जाणतं माणूस हजर हवं. आमच्याकडे कित्येक घरांत सासूबाई एकट्या होत्या. त्यांनी कौतुकाने सांगितलं की सूनबाई सगळ्या घरात धंदा करते, आणि अख्खं घर बिगरनिवासी लागलं. खोटं बोला असं मी म्हणत नाही. गिरणीची खोली बिगरनिवासीच आहे, ती तशी लागणार. पण तेवढीच लागली पाहिजे. तिचं माप वेगळं लिहून घ्या आणि मागचा भाग निवासी लिहिलाय ना ते बघा. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत आहे आणि ती फक्त निवासी वापरालाच मिळते, तेव्हा चुकीच्या नोंदीचा फटका दुहेरी बसतो. कोल्हापूरचे दर आणि सवलती वेगळ्या असतील, पण निवासी आणि बिगरनिवासी दरांतली दरी सगळीकडेच आहे. आकारणी चुकली तर नोटिशीवर हरकत घेण्याची मुदत छापलेली असते, तेवढ्यात लेखी हरकत द्या. तोंडी तक्रारीला अर्थ नाही. मुदत गेली तर पुढे फार धावाधाव होते.

कर एका रात्रीत चढत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १२९अ मध्ये नव्या हद्दीसाठी टप्पे आहेत. सुरुवातीला पंचायतीचाच दर, मग पायरीपायरीने पूर्ण दर. आमच्याकडे दरवर्षी २० टक्क्यांची पायरी होती. पहिली दोन बिलं बघून लोक म्हणतात, एवढंच ना! चौथ्या-पाचव्या वर्षी डोळे उघडतात. गाळा भाड्याने घेतलेल्यांनी तर हे आजच करारात लिहून घ्यावं, नाहीतर वाढीव कर घरमालक भाड्यात घालतो.

विनापरवाना बांधकामाचं प्रकरण याहून वाईट. कलम २६७अ खाली मिळकतकराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते; म्हणजे मूळ कर धरून तिप्पट. गुंठ्यावर पत्रे टाकून उभ्या केलेल्या शेडवाल्यांना याची धास्ती जास्त. तुमच्या घराची परवानगी, सातबारा, जुन्या कराच्या पावत्या, वीजजोडणीची तारीख, असेल ते सगळं आत्ताच पंचायतीकडून सही-शिक्क्याने घ्या. दफ्तर एकदा हललं की जुना कागद मिळवणं किती जिकिरीचं होतं, ते आमच्या गावात कुणालाही विचारा.

आता गिरणी. तुमचे डबे आणि फराळ ज्यात बसू शकतात ती ‘घरगुती व्यवसाय’ ही कल्पना राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, आहे. अटी साधारण अशा: घरातल्याच माणसांनी करायचं, पगारी कामगार नको, बाहेर पाटी नको, घरात बनवलेलंच विकायचं, बसवून खायला घालायचं नाही, आणि यंत्राचा वीजभार पाऊण किलोवॉटच्या आत. तुम्ही दोघी जावा मिळून करत असाल तर ठीक. पोळ्यांना बाई ठेवली आणि दारावर फ्लेक्स लावला की त्या चौकटीबाहेर. मी तर सांगेन, पाटी काढून ठेवा, ऑर्डरी तशाही फोनवरच येतात. गिरणी मात्र या चौकटीत बसत नाही, तिची मोटर मोठी. निवासी भागात गिरणीला मज्जाव नाही, पण भाराच्या आणि जागेच्या अटी आहेत. शिवाय अधिनियमाच्या कलम ३७६ खाली काही धंद्यांना महापालिकेचा वेगळा परवाना लागतो. ती यादी कोल्हापूर महापालिकेच्या परवाना विभागातून आजही मिळेल. ‘बंद पाडतील’ ही भीती मला अवास्तव वाटते. आवाजाची आणि पिठाच्या धुरळ्याची तक्रार शेजाऱ्याने केली तर अडचण येते, आणि ती गावातही येऊ शकते. खेड्यात ती मिटते, शहरात तिची फाईल होते.

वीज महावितरणचीच राहणार. घरातून छोटा धंदा करणाऱ्याला महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दर लावण्याची तरतूद दरपत्रकात आहे, ती डब्यांच्या स्वयंपाकघराला उपयोगी पडेल. गिरणीला वेगळं मीटर असेलच. नसेल तर हद्दवाढीची वाट बघू नका.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही, आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यात तातडीची. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) महिलांना ग्रामीण भागात प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, शहरी भागात २५. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला २५ आणि १५. पंचायतीखालचा भाग तो ग्रामीण, पालिकेखालचा तो शहरी. म्हणजे दहा लाखांच्या नव्या युनिटवर नुसत्या हद्दीच्या रेषेने तुमचे एक लाख रुपये जातात. हे अनुदान नव्या उद्योगालाच मिळतं, चालू गिरणीला नाही. पण मसाल्याचं किंवा चटण्यांचं युनिट मनात असेल तर अर्ज आत्ता करा, अधिसूचनेची वाट बघू नका. बचत गट ‘उमेद’मध्ये असेल तर तेही ग्रामीण अभियान आहे. मंजूर कर्ज, फिरता निधी जे काही अडलंय ते आधी मोकळं करून घ्या.

फायदे नाहीत असं नाही. रस्त्यावर भाजी, वडापाव विकणाऱ्यांना २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो, सर्वेक्षणात नाव आलं तर प्रमाणपत्र मिळतं आणि पीएम स्वनिधीचं कर्जही. पाणी, ड्रेनेज, रस्ते येतात, पण कराच्या बिलामागून आणि सावकाश. मधल्या काळात दाद मागायला माणूस नसतो, हा आमच्या भागाचा कटू अनुभव. सरपंच गेला, आणि मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेवर प्रशासक होता, त्यामुळे नगरसेवकही नव्हता. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीवाले तर कराला इतके वैतागले की बाहेरच पडले. २०१७ ला आत आलेली ही गोदामांची आणि कापड दुकानांची गावं. डिसेंबर २०२२ ला वगळण्याची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०२४ ला त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. बाकीच्या गावांत २०२४ ला सरकारने वाढीव वसुलीला स्थगिती दिली, तेव्हा काहींनी भरणंच सोडलं. तसं करू नका. स्थगिती म्हणजे माफी नव्हे.

गिरणीच्या मोटरची अश्वशक्ती आणि घरासमोरच्या रस्त्याची रुंदी कळवा. घराला बांधकाम परवानगी आहे की गुंठेवारी (गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली जागा), तेही लिहा. मग परवान्याबद्दल नेमकं सांगता येईल.