स्प्रिंग बदलताना व्हॉल्व्ह सील

प्रश्न : चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्हच्या पेट्रोल इंजिनात जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅमशाफ्ट आणि दुहेरी स्प्रिंग बसवायच्या आहेत. हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवता व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली जाऊ न देणारे सीलही बदलता येतील का?

उत्तर : येतील. सोळाही सील नवेच घ्या. काढलेला सील परत बसवू नये. एका वेळी एकच सिलिंडर घ्या, पिस्टन अगदी वर आणा आणि प्लगच्या भोकातून सुमारे ६ बार हवा भरा, म्हणजे व्हॉल्व्ह आत पडणार नाही. हवेने क्रँक फिरू शकतो, म्हणून गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ऑइल परतीच्या भोकांत फडकी कोंबा. लॉक (व्हॉल्व्हच्या दांड्याच्या खाचेत बसून स्प्रिंग धरणारा छोटा तुकडा) चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीत गेला, की चेंबर उतरवण्याचंच काम लागतं!

आधी स्प्रिंगखालची सीट, मग सील. हा क्रम चुकला तर सील उपटावा लागतो आणि तो वाया जातो. स्टेमच्या (व्हॉल्व्हच्या दांड्याच्या) टोकावर प्लास्टिकची टोपी चढवा, ऑइल लावा आणि सील हाताने सरळ दाबत गाइडवर (स्टेम ज्यात सरकतो ती नळी) बसवा. टोपी नसेल तर लॉकच्या खाचा सीलची कड फाडतात, मग निळा धूर सुरू. इनटेक-एक्झॉस्टचे सील बहुधा वेगळे असतात, रंग पाहा.

खरी गडबड दुहेरी स्प्रिंगमध्ये होते. आतली स्प्रिंग जाड सीलला घासून त्याचे तुकडे करते. पूर्ण लिफ्टला रिटेनर (स्प्रिंगवरची चकती) आणि सील यांत निदान १.५ मिमी अंतर हवं. हलक्या चाचणी-स्प्रिंगवर ते मोजा. स्टेम गाइडमध्ये डुलत असेल तर मात्र हेड उतरवाच.